पणज्याच्या भट्टीतल्या चौदा तलंगा

नंदाखालच्या इनासबाबांचं बाप्तिस्म्याच्या वहीतलं नाव इग्नेशियस. पण ते नाव वापरायची वेळ आयुष्यात तीनदाच आली: बाप्तिस्म्याला, लग्नाला आणि एकदा रेशनकार्ड हरवलं तेव्हा. एरवी सगळ्या गावाचे ते इनासबाबा. वडिलांच्या मागे केळीची बाग, चिकूची झाडं आणि दोन विहिरी भावाभावांत वाटल्या गेल्या, गोष्टी मात्र अख्ख्याच्या अख्ख्या त्यांच्या एकट्याच्या वाट्याला आल्या. त्यांच्या विहिरीतलं कासव लॅटिनमध्ये प्रार्थना म्हणायचं. मोठ्या वादळाच्या वर्षी त्यांच्या घराची कौलं उडाली ती थेट अर्नाळ्याच्या किल्ल्यावर जाऊन ओळीने बसली, आणि वारा पडल्यावर त्यांतली बरीचशी परत आली. गावाला हे सगळं पाठ होतं. कोणी विश्वास ठेवत नसे आणि कोणी उठूनही जात नसे.

विश्वास ठेवणारं एकच माणूस होतं. त्यांची नात एलिसा.

तिचे आई-वडील दोघंही मुंबईला नोकरीला, त्यामुळे पोरगी दिवसभर आजी-आजोबांकडे. सहा वर्षांची असताना तिला ताप आला. पेजेची वाटी समोर आली की ओठ घट्ट मिटून घ्यायची. फ्लॉसीआजीने रागावून पाहिलं, रडून पाहिलं. शेवटी इनासबाबांनी चमचा हातात घेतला आणि सौदा ठरवला: एक चमचा, एक वाक्य.

पहिल्या चमच्याला त्यांचा पास्कू पणजा अवतरला. दुसऱ्या चमच्याला त्याने घरच्या प्रत्येक साखरपुड्याला व्याह्यांसाठी तलंगा धुरावायचा रिवाज सुरू केला. तलंगा म्हणजे अजून एकही अंडं न घातलेल्या कोवळ्या कोंबड्या. तिसऱ्या चमच्याला त्या केळी पिकवायच्या भट्टीत उलट्या टांगल्या गेल्या, चौथ्याला त्यांना फळाच्या रसाची अंघोळ घातली, पाचव्याला त्या आरशासारख्या चकाकू लागल्या. सहाव्या-सातव्या चमच्याला तो धूर समुद्रावर गेला आणि गलबतांनी वाट बदलली. तरी वाटीत चार चमचे उरलेच होते. म्हणून मग तुंगारेश्वराच्या डोंगरावरून वाघ उतरला, रेल्वेचे रूळ दोन्हीकडे बघून ओलांडले, आणि एकाही बकरीकडे न पाहता भट्टीच्या दाराशी येऊन बसला. पणज्याने त्याला एक तंगडी दिली. वाघाने ती तोंडात धरली, मान लववली आणि आल्या वाटेने गेला. वाटी रिकामी झाली.

ताप उतरला. इनासबाबा ती गोष्ट विसरूनही गेले. त्यांच्याकडे रोज नवी असे.

सोळा वर्षांनी, सत्त्याण्णव सालच्या जानेवारीत, एलिसा शाळेतून शिकवून आली ती थेट ओट्यावर येऊन बसली. गिरीज गावच्या डेरिकशी तिचं लग्न ठरलं होतं आणि साखरपुडा दोन आठवड्यांवर आला होता.

"आजोबा, आज वाटेत मास्तरांनी मला विचारलं, तुमच्या घरची खासियत काय?"

मास्तर म्हणजे डेरिकचे आजोबा, ऑगस्टीन मास्तर. चाळीस वर्षं शिकवून निवृत्त झाले, पण सवय निवृत्त झाली नव्हती. मयताच्या घरी गेले तरी भिंतीवरचं घड्याळ दोन मिनिटं मागे आहे हे सांगून येत. बढाया मारणाऱ्या माणसाच्या घरचं ते पाणीही पीत नाहीत, असा त्यांचा लौकिक होता.

"मग तू काय सांगितलंस? सुकेळी?"

"केळी वाळवून सुकेळी तर सगळेच करतात. मी धुरातल्या तलंगांचं सांगितलं. पास्कू पणजोबांपासून आपल्याकडे व्याह्यांना देतात ते. भट्टी, फळाचा रस, सगळं. फळ कोणतं ते घरचं गुपित आहे म्हटलं. वाघाचं पण सांगितलं."

इनासबाबांच्या तोंडातली सुपारी जिथल्या तिथे थांबली.

"मास्तरांनी चष्मा काढला," एलिसा सांगत होती, "आणि म्हणाले, हे खरं? मी म्हटलं, मी कधी खोटं बोलत नाही. तर म्हणाले, मग साखरपुड्याला तेच खाऊ. अकरा जण येणारेत ते. आजोबा, आपल्याकडे इतक्या वर्षांत साखरपुडाच झाला नाही ना, म्हणून मला कधी मिळालंच नाही. मी पण पहिल्यांदाच खाणार."

ती आत गेली. दाराच्या चौकटीत फ्लॉसीआजी उभी होती. लसूण सोलता सोलता तिने सगळं ऐकलं होतं, आणि पास्कू पणज्याबद्दल नवऱ्याइतकंच तिलाही ठाऊक होतं.

"मग," ती म्हणाली, "वाघाला आमंत्रण कधी पाठवताय?"

"फ्लॉसी, मी तिला खरं सांगून टाकतो."

"सांगा. म्हणजे ती त्या मास्तरांना जाऊन सांगेल, मी तुमच्या तोंडावर खोटं बोलले. लग्नाआधीच. आयुष्यभर तिने त्या घरात मीठ संपलं म्हटलं तरी लोक डबा उघडून बघतील."

इनासबाबांना हे पटलं, आणि पटलं म्हणूनच त्यांचं जेवण गेलं. स्वतःच्या अब्रूची त्यांना फिकीर नव्हती. ती फार पूर्वीच गोष्टींमध्ये खर्च झाली होती. पण पोरीचा शब्द कोरा होता. त्यावर पहिला डाग आपल्या हाताने पडणार, तोही पेजेच्या चार चमच्यांपायी, हे त्यांना सोसवेना. तेव्हा आता एकच मार्ग उरला. गोष्ट खरी करायची.

दुसऱ्या दिवशी त्यांनी भट्टीचं दार उघडलं. भट्टी म्हणजे बागेच्या कोपऱ्यातली बिनखिडकीची विटांची खोली. पूर्वी तिच्यात हिरवे घड रचायचे, कोपऱ्यातल्या खड्ड्यात शेणी पेटवायच्या, दार चिखलाने लिंपून टाकायचं. चार दिवसांनी उघडलं की केळी पिवळीधमक. पुढे व्यापारी केळी पिकवायची पावडर घेऊन आले आणि भट्टीत मोडकी सायकल, फाटक्या टोपल्या आणि एक रागीट मांजर राहायला आली. मांजर सोडून सगळं बाहेर निघालं. मांजर आपण होऊन निघाली, पण तीन दिवस बोलत नव्हती, असं इनासबाबा सांगतात.

जूचंद्रहून शांताराम आला. पाठीवर मिठागराच्या मिठाची गोण, हातात दोन डालगी, त्यांत अठरा तलंगा. ओंजळीत मावतील एवढ्या. शांताराम आणि इनासबाबांची दोस्ती चाळीस वर्षांची, मिठाची केळ्यांशी अदलाबदल करायचे तेव्हापासूनची.

"इनास, तुजा पनजा खरंच असा करायचा का?"

"पणजा माझ्या जन्माआधी वारला."

"म्हंजे तुला म्हायती नाय."

"माहिती आहे ना. आजा सांगायचा. पणज्याला कोंबडीचा वास सहन व्हायचा नाही. जन्मभर सुके बोंबील खाल्ले त्याने."

शांताराम गोणीवर बसला आणि त्याला हसू आवरायला पाणी प्यावं लागलं.

चार तलंगा सरावाला घेतल्या. पहिलीला केळ्यांच्या सवयीने शेणींचा धूर दिला. संध्याकाळी उतरवली तेव्हा कोंबडी शिजली होती, पण डोळे मिटून घास घेतला तर गाय चघळतोय असं वाटत होतं. कुत्र्याला दिली. कुत्र्याने हुंगली आणि इनासबाबांकडे असं पाहिलं की त्यांना त्याची माफी मागावी लागली. दुसरीला नारळाची सोडणं लावली, तर ती काळीठिक्कर आणि कडू झाली.

"गोड झाडाचं लाकूड घे," शांताराम म्हणाला. "चिकूचं. आनि आधी मिठाच्या पान्यात दिवसभर बुडव, नायतर हाडापाशी अळणी ऱ्हाते. धगीवर ओलं सोपट टाक केळीचं, म्हंजे जाळ व्हनार नाय, नुसता धूर."

"तुला कसं माहीत?"

"मिठागरावर पावसात सुकं मावरं आम्ही चुलीवर टांगतो ना. तुज्या पनज्याला नव्हतं म्हायती, म्हनून काय कोनालाच नाय?"

तिसरी तलंग रंगाने आणि वासाने चांगली निघाली. आता राहिला फळाचा रस. सोळा वर्षांपूर्वी इनासबाबांनी फळाचं नाव सांगितलं नव्हतं, कारण तेवढ्यात पोरीने चमचा गिळला होता. बागेत चिकू होते, पेरू होते, पपई होती. त्यांनी चौथीला हिरवट पपईचा कीस चोळला आणि भट्टीत टांगली. दुपारी दार उघडून बघतात तर बांबूला नुसते दोन पाय लटकलेले, बाकीची कोंबडी खाली राखेत पडलेली. पपईने मांस इतकं मऊ केलं होतं की तिला स्वतःचं वजन पेललं नाही.

"पपईने सुटते, हे मला विचारलं असतंत तर सांगितलं असतं," फ्लॉसीआजी म्हणाली. आठवडाभर तिच्या स्वयंपाकघरातली पातेली भट्टीत होती आणि ती नवऱ्याशी कामापुरतंच बोलत होती. शिवाय तिची स्वतःची गडबड होती. व्याह्यांच्या शिदोरीसाठी तिने राजेळी केळी सोलून, बांबूच्या ताट्यांवर मांडून, सुकेळी करायला अंगणातल्या मांडवावर उन्हात ठेवली होती. तीन दिवसांच्या उन्हाने त्यांतून मधासारखा रस सुटायला लागला होता.

शनिवार उजाडला. साखरपुडा रविवारी दुपारी. फळ काही ठरलं नव्हतं. इनासबाबांनी चौदा तलंगा मिठाच्या पाण्यातून काढल्या, कोरड्या केल्या, बांबूंना ओळीने टांगल्या, चिकूची लाकडं पेटवली, वर ओली सोपटं टाकली.

"मी येईपर्यंत दार कोणी उघडायचं नाही," त्यांनी बजावलं. "आल्यावर पेरूचा पाक लावतो. होईल ते होईल."

आणि ते देवळात गेले. शनिवारी दुपारी कुमसार असायचं. पापं कबूल करायची, फादर क्षमा देतात. इनासबाबा वर्षातून दोनदा जात, नाताळ आणि ईस्टर. अधेमधे ते जाळीपलीकडे गुडघे टेकलेले पाहून धाकटे फादर जरा सावध झाले.

"फादर, खोटं बोललो."

"कधी?"

"सोळा वर्षं झाली."

"इतकी वर्षं का सांगितलं नाही?"

"तेव्हा ते पाप नव्हतं, फादर, गोष्ट होती. पिकायला वेळ लागला."

फादरांनी सगळं ऐकून घेतलं. वाघापाशी त्यांना खोकला आला, पण तो धुराच्या वासाने असेल. इनासबाबांच्या सदऱ्याला आठवड्याचा धूर होता.

"नातीला खरं सांगा," फादर म्हणाले. "आणि त्या मास्तरांनाही. चूक तुमची, तिची नाही, हे सगळ्यांसमोर. पाहुणे उठून जायच्या आत. हेच तुमचं प्रायश्चित्त."

"त्यापेक्षा दहा रोजरी केल्या तर?"

"त्या पण करा."

इनासबाबा परत निघाले ते पाय ओढतच. वाटेत अवकाळी आभाळ भरून आलेलं दिसलं, चार थेंब पडूनही गेले, पण त्यांचं लक्ष नव्हतं. काय बोलायचं त्याची जुळवाजुळव चालली होती. बागेत शिरले तर भट्टीचं दार सताड उघडं, आणि दारात एलिसा उभी, बोटं चाटत.

"आजोबा," ती म्हणाली, "राजेळी होय? मला वाटलं चिकू असणार."

इनासबाबा आत डोकावले. चौदाच्या चौदा तलंगा तांब्याच्या घागरीसारख्या चकाकत होत्या. छातीवर गडद तपकिरी पाक चढला होता, पंखांच्या टोकांना त्याचे थेंब धरले होते, आणि वास असा की आपल्या धुरकट सदऱ्याची लाज वाटावी. त्यांनी मान वर केली. घड ठेवायच्या जुन्या माच्यावर फ्लॉसीआजीच्या चार ताट्या बसल्या होत्या. आभाळ आलं तशी ती सुकेळी भिजू नयेत म्हणून उचलून, दार उघडून, गावात त्या क्षणी असलेल्या सगळ्यात कोरड्या जागी ठेवून गेली होती. भट्टीच्या उबेने राजेळीचा रस दुपारभर ताट्यांच्या फटींतून खाली ठिबकत राहिला होता, थेंब थेंब, खालच्या चौदाजणींवर.

फ्लॉसीआजी मागून आली. तिने वर पाहिलं, खाली पाहिलं, नवऱ्याकडे पाहिलं.

"माझी सुकेळी," ती म्हणाली.

"आजी, रसाची अंघोळ म्हणजे अशी वरून घालतात ना? मी लहानपणी टबातली समजायचे," एलिसा म्हणाली.

फ्लॉसीआजीने पदर तोंडाला लावला आणि घराकडे चालू लागली. तिचे खांदे हलत होते. रडत होती असं म्हणायला जागा आहे, पण इनासबाबांनी पन्नास वर्षं ते खांदे पाहिले होते.

"एलिसा, तुला एक सांगायचंय," ते म्हणाले.

"उद्या सांगा आजोबा. आधी मला एक पंख द्या."

"चौदाच आहेत."

"मग उद्याच द्या," असं म्हणून ती ताट्या उतरवायला चढली. इतका आनंद समोर उभा असताना खरं सांगायला दगडाचं काळीज लागतं, आणि इनासबाबांचं केळीच्या खोडासारखं होतं.

रविवारी मिस्सा झाल्यावर गिरीजची मंडळी आली. फादरांनी मांडवात अंगठ्यांवर आशीर्वाद दिला, अंगठ्या घातल्या गेल्या, फ्लॉसीआजीने गाणं म्हटलं, पाहुण्या बायकांनी त्याला गाण्यानेच उत्तर दिलं. मग पंगत बसली. निखाऱ्यावर पुन्हा गरम केलेल्या तलंगा केळीच्या पानांवर आल्या, प्रत्येक पाहुण्याला एक अख्खी. शेजारी तांदळाची भाकरी आणि धुरकटलेलं एक सुकेळं.

ऑगस्टीन मास्तर मध्यभागी बसले होते. पांढरा कोट, खिशात दोन पेनं. त्यांनी तलंग उचलली, उजेडात धरली, उलटी करून पाहिली, हुंगली. डेरिकने एलिसाकडे पाहिलं, एलिसाने आजोबांकडे. मास्तरांनी एक तंगडी मोडली आणि खाल्ली. मग दुसरी. मग पूर्ण तलंग खाल्ली आणि हाडं पानाच्या कडेला हजेरी घ्यायला उभं केल्यासारखी ओळीने लावली.

इनासबाबांनी मांडवाच्या पलीकडच्या टोकाला धाकट्या फादरांना पाहिलं. फादर तंगडी चोखत होते, पण डोळे इकडेच होते. आता सुटका नव्हती. इनासबाबा उभे राहिले.

"मास्तर," ते म्हणाले, "या तलंगांबद्दल मला तुम्हाला एक खरं सांगायचंय. एलिसाने तुम्हाला जे सांगितलं, त्यात तिची चूक नाही. चूक..."

"चूक आहेच," मास्तर म्हणाले. "बसा. मीच सांगतो."

एलिसाच्या हातातला वाढायचा चमचा भांड्यावर टेकला.

"मी पंधरा दिवस गप्प राहिलो," मास्तर म्हणाले, "कारण तलंग चाखल्याशिवाय बोलायचं नाही असं ठरवलं होतं. आता चाखली. चव अगदी वडील सांगायचे तशी आहे. पण पोरीच्या सांगण्यात एक चूक राहिली. वाघाला तंगडी दिली म्हणते ती. तंगडी नाही. पंख दिला होता."

धाकट्या फादरांनी तंगडी पानावर ठेवली.

"माझे वडील त्या साखरपुड्याला हजर होते, व्याह्यांकडून. तेव्हा लहान होते, पण वाघापासून दोन हातांवर बसले होते. आम्हा भावंडांना हे सांगून सांगून त्यांनी झोपवलंय."

इनासबाबांनी मास्तरांच्या चेहऱ्याकडे निरखून पाहिलं. चेहरा फळ्यासारखा सरळ होता. फक्त डावी भुवई केसभर वर गेली आणि लगेच जागेवर आली. ती भुवई इनासबाबा रोज सकाळी दाढी करताना आरशात बघत. गिरीजच्या घरातली माणसं पाणी कुणाकडचं पितात आणि कुणाकडचं नाही, हे त्यांना त्या क्षणी नीट कळलं. पोरगी चांगल्या घरी पडत होती.

धाकटे फादर वाट बघत होते. इनासबाबा उभेच होते. शेवटी त्यांनी घसा साफ केला.

"कोणता पंख, मास्तर?" त्यांनी विचारलं. "डावा की उजवा?"

"डावा," मास्तर म्हणाले, पापणी न हलवता. "उजवा तुमच्या पणजोबांनी स्वतःसाठी ठेवला होता. त्यांना कोंबडीची फार आवड."

"फार," इनासबाबा म्हणाले. "फारच."

आणि ते खाली बसले. शांताराम खांबाआड तोंड लपवून पाणी पीत होता. फ्लॉसीआजीने मास्तरांच्या पानावर आपल्या वाट्याची तलंग वाढली, आणि मास्तरांनी नको म्हटलं नाही.

एलिसा भांडं घेऊन आजोबांपाशी वाकली. "तुम्ही काहीतरी खरं सांगणार होतात ना?"

"मीठ," इनासबाबा म्हणाले. "मीठ जूचंद्रचं आहे, एवढंच सांगायचं होतं."